लॅपटॉप घेताना विंडोजचे पूर्ण नाव वाचा

हळद विकून हातात चार पैसे आले की हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या अनेक घरांत मुलांसाठी लॅपटॉप घेण्याचा विषय निघतो. नवा परवडला नाही तर एखाद्या कचेरीत वापरून झालेला जुना घेतला जातो. अब्बा किंमत विचारतात, मुले रॅम विचारतात, अम्मी गॅरंटी विचारतात. पण आत कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे आणि तिचे पूर्ण नाव काय, हे क्वचितच कोणी विचारते. आम्ही मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत शिकवतो. त्यामुळे पालक आपल्या अडचणी घेऊन आमच्याकडे येतात. लॅपटॉपची तक्रार असली तर बऱ्याचदा दोष यंत्रात नसतो, या नावात असतो.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी. कीबोर्ड, पडदा, फाइल, इंटरनेट यांचा मेळ तीच घालते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती विंडोज असते. ‘विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज’ असे नाव घ्या. त्यात आकडा पिढी सांगतो आणि पुढचे शब्द एडिशन, म्हणजे प्रकार सांगतात. दोन्ही वाचायला हवेत. चालू लॅपटॉपवर सेटिंग्ज उघडून सिस्टीम आणि मग अबाउट येथे गेलात की हे नाव दिसते. दुकानात उभ्या उभ्या एका मिनिटाचे काम आहे.

आधी आकडा पाहा

विंडोज १० ही पिढी २९ जुलै २०१५ रोजी आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा नेहमीचा आधार थांबवला. याचा अर्थ तो लॅपटॉप बंद पडला असा नाही. तो सुरू होतो, टाइपिंगही होते. पण सुरक्षेतील नवीन फटी बुजवणारी मोफत दुरुस्ती नेहमीसारखी येत नाही. ज्या लॅपटॉपवरून मुलगी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरते, अब्बा बँकेचे खाते उघडतात आणि घराचे कागद साठवतात, त्याच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही.

घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्तीची वाढीव योजना जाहीर केली. तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून नाव नोंदवावे लागते. ही फक्त मुदतवाढ आहे, कायमचा इलाज नव्हे.

विंडोज ११ ही पिढी ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. यंत्र पात्र असेल आणि त्यावर अस्सल विंडोज १० असेल, तर ११ मोफत मिळते. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप ही तिची अट आहे. प्रोसेसरही फार जुना चालत नाही. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन लॅपटॉप पात्र आहे की नाही ते सांगते. अपात्र यंत्रावर आडवाटेने ११ घालून देणारेही असतात. अशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

मग एडिशन पाहा

घरी आणि अभ्यासाला होम एडिशन पुरते. प्रो महाग असते, म्हणून ती जास्त वेगवान असेल असा समज आहे. तसे नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि डिफेंडर हे व्हायरसविरोधी साधन दोन्हींत असते. प्रोमध्ये कंपनीच्या नेटवर्कला जोडण्याची सोय, बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद करण्याचा पूर्ण ताबा आणि दुसऱ्या ठिकाणाहून आपला कॉम्प्युटर चालवण्याची सोय जास्त असते. बारावीच्या मुलाला यातले काही लागत नाही. एज्युकेशन एडिशन शाळा-कॉलेजांना संस्थेमार्फत मिळते. ती दुकानात सुटी विकत घेण्याची वस्तू नाही.

भारतात अनेक नव्या लॅपटॉपवर होम सिंगल लँग्वेज असते. तिच्यात मेनू आणि सूचना एकाच भाषेत राहतात. टाइप मात्र कितीही भाषांत करता येते, म्हणून तिला घाबरण्याचे कारण नाही.

नावापुढे ‘एस मोड’ दिसले तर मात्र थांबा. त्यात फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधले प्रोग्रॅम बसतात. बाहेरून आणलेले इनपेज किंवा टॅली त्यात चालणार नाही. एस मोड फुकटात काढता येतो, पण एकदा काढला की पुन्हा लावता येत नाही.

स्वस्त एडिशनला मर्यादा घालण्याची पद्धत नवी नाही. २००५च्या सुमारास भारतात हिंदीत आलेल्या विंडोज एक्सपी स्टार्टरमध्ये एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडता येत. चौथा उघडायला गेलेला माणूस यंत्राला दोष देई. नाव वाचण्याची गरज तेव्हाही होती.

आपल्या दोन भाषा

आपल्या घरांत मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिल्या जातात. विंडोज १० आणि ११ मध्ये त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. सेटिंग्जमधल्या भाषेच्या यादीत मराठी आणि उर्दू जोडा. मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि उच्चारावर चालणारा फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड आहेत. उर्दू जोडली की उजवीकडून डावीकडे लिहिता येते. उर्दूची अक्षरे नस्ख वळणाची दिसली तर नाराज होऊ नका. फॉन्टच्या यादीत ‘उर्दू टाइपसेटिंग’ निवडा, नस्तालीक मिळेल. मुलांचे निबंध, दुआपत्रे, निकाहच्या पत्रिका यांना ते पुरेसे आहे.

‘फुकट’ विंडोजची किंमत

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विंडोज ८ च्या काळापासून कंपनी लॅपटॉपवर जी विंडोज घालून देते, तिची किल्ली बहुधा मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. तीच एडिशन पुन्हा घातली की इंटरनेट जोडल्यावर ती आपोआप ॲक्टिव्ह होते. पैसे पडत नाहीत. पण होमच्या यंत्रावर दुकानदाराने हाताशी असलेली प्रो घातली, तर ती किल्ली लागत नाही. मग क्रॅक वापरला जातो. म्हणजे ज्या घराने लॅपटॉपसोबत विंडोजचेही पैसे दिलेले असतात, त्याच घराच्या हाती चोरीची प्रत येते, आणि वर फॉरमॅटचे पैसेही जातात.

क्रॅक करणारा प्रोग्रॅम चालवताना बहुधा डिफेंडर बंद करायला सांगतात. पहारेकऱ्याला घरी पाठवून अनोळखी माणसाला किल्ली देण्यासारखेच आहे हे. पासवर्ड चोरणारे व्हायरस याच वाटेने आत येतात. शिवाय दुसऱ्याच्या मेहनतीची वस्तू त्याच्या परवानगीशिवाय वापरणे हा हक्काचाही प्रश्न आहे. दुकानातल्या तराजूबद्दल आपण मुलांना जे शिकवतो, तेच इथेही लागू आहे.

म्हणून लॅपटॉप फॉरमॅटला देण्याआधी अबाउटमधल्या नावाचा मोबाइलवर फोटो काढा आणि दुकानदाराला सांगा, ‘भाई, हीच एडिशन घाला.’ परत घेताना सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचे पान उघडून पाहा.

जुने यंत्र टाकू नका

विंडोज ११ ला अपात्र ठरलेला लॅपटॉप भंगारात देण्याची घाई नको. लिनक्सवर आधारलेल्या मोफत आणि कायदेशीर सिस्टीम आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये बॉस लिनक्स आणले. ते मराठी आणि उर्दूसह अनेक भारतीय भाषांत चालते आणि शाळांसाठी त्याची एज्युबॉस ही वेगळी आवृत्ती आहे. लिनक्स मिंट हा दुसरा चांगला पर्याय. त्याला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर बरे. त्याच्याही एडिशन आहेत: सिनॅमन, माटे आणि सर्वांत हलकी एक्सएफसीई. जुन्या यंत्राला शेवटची घ्या. केरळच्या सरकारी शाळांत संगणकाचा अभ्यास वर्षानुवर्षे अशाच मुक्त सिस्टीमवर होतो.

लिनक्समध्ये लिब्रेऑफिसवर लेखन, हिशेब आणि सादरीकरण होते, ब्राउझरवर फॉर्म भरता येतात. पण विंडोजसाठी बनवलेले इनपेज, श्रीलिपी किंवा टॅली त्यावर सरळ चालत नाही. घरात कोणी डीटीपी किंवा हिशेबाचे काम करत असेल तर आधी विचार करा. खात्री करायची असेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहता येते, आतल्या विंडोजला हात न लावता. पटले तर फाइलींची दुसरीकडे नक्कल ठेवून मगच ते कायमचे घाला.

पैसे देण्यापूर्वी

दुकानात चार गोष्टी पाहा. विंडोजचा आकडा कोणता आणि एडिशन कोणती? ती ॲक्टिव्ह आहे का? नावात एस मोड आहे का? विंडोज १० असेल तर हे यंत्र ११ ला पात्र आहे का? चारही उत्तरे पावतीवर लिहून मागा. ती लिहून द्यायला दुकानदार तयार नसेल, तर त्या लॅपटॉपवर पैसे घालण्यापूर्वी आणखी एक दुकान पाहावे. घरात जो मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटर शिकत असेल, त्यांनाच हे तपासायला सोबत न्या. शिकलेली विद्या घराच्या कामी येते हे त्यांनाही कळेल.