नावांची राई

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये पूर्वेच्या अंगाला एक घळ आहे. रस्त्यावरून खाली उतरले की रेडवूडची उंच झाडे, नेचे आणि मोठाले धोंडे दिसू लागतात. फिरायला आलेल्या माणसाला ही बागेतलीच एखादी निवांत जागा वाटावी. मग वाट फरसबंदीच्या एका वर्तुळापाशी येते. तिथे गोलाकार ओळींत कोरलेली नावेच नावे आहेत. एड्सने गेलेल्यांची आहेत, तशी त्यांना जीव लावणाऱ्यांचीही आहेत. दोघांना एकच फरशी.

ही अमेरिकेची राष्ट्रीय एड्स स्मृतिराई. तिची कल्पना १९८८ची. या रोगाने सॅन फ्रान्सिस्कोची तरुण माणसे, विशेषतः समलिंगी पुरुष, पटापट नेली. शहरात अखेरीस सुमारे वीस हजार माणसे दगावली. शोक करायला जागा हवी, असे काही रहिवाशांना वाटले. त्यांनी निवडलेली ही घळ तेव्हा दुर्लक्षित होती, तिच्यात रान माजले होते. १९९१मध्ये कुदळी-फावडी घेऊन लोक तिथे उतरले. काटेकुटे उपटले, माती सारखी केली, रोपे लावली. आपल्याकडे देवराई पिढ्यान् पिढ्या राखली जाते. ही राई मात्र काल-परवा मित्र गमावलेल्या माणसांनी हातांनी उभी केली.

१९९६मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. त्यासाठी शहराच्या खासदार नॅन्सी पेलोसी यांनी प्रयत्न केले आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली. परिणामकारक औषधांचे मिश्रण हाती आले तेही त्याच सुमारास. फरशीवरल्या कितीतरी जणांना त्याआधीची थोडीशी वर्षे नडली.

नावे कोरण्याचे महत्त्व कळायला त्या वेळची परिस्थिती आठवावी लागते. मराठीत 'नाव टाकणे' असा प्रयोग आहे. हजारो आजाऱ्यांच्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरला. घरच्यांनी नाव टाकले, मृत्यूचे कारण लपवले. काही ठिकाणी अंत्यविधी करणाऱ्यांनी देहाला हात लावायलाही नकार दिला.

राईची जबाबदारी सांभाळणारी संस्थाच आता एड्सची प्रसिद्ध गोधडीही सांभाळते. गोधडी हाच शब्द तिला शोभतो, कारण ती गेलेल्यांच्या कपड्यांतून शिवली आहे. १९८५च्या नोव्हेंबरात शहराचे नगरसेवक हार्वी मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांच्या स्मृतीसाठी निघालेल्या मेणबत्ती मोर्चात कार्यकर्ते क्लीव्ह जोन्स यांनी लोकांना एड्सने गेलेल्या आपल्या माणसांची नावे फलकांवर लिहायला सांगितले. ते फलक सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवले, तेव्हा भिंत ठिगळांच्या गोधडीसारखी दिसली. तिथून कल्पना सुचली. प्रत्येक तुकडा तीन फूट रुंद, सहा फूट लांब, म्हणजे थडग्याएवढा. शर्ट, जीन्स, पत्रे, खेळण्यातली अस्वले, जे हाताशी होते ते आई-बहिणींनी, जोडीदारांनी त्यावर शिवले. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या हिरवळीवर १,९२० तुकडे अंथरले गेले. आज ते सुमारे पन्नास हजार आहेत, एकूण वजन ५४ टन. काहींवर फक्त पहिले नाव आहे; आडनाव लिहायला कुणीतरी घाबरले.

ही भीती तिकडचीच नव्हती. गोव्यातले डॉमिनिक डिसूझा रक्तदान करत. १९८९मध्ये त्यांना एचआयव्हीची लागण असल्याचे आढळले आणि पोलिसांनी नेऊन त्यांना क्षयरोग्यांच्या जुन्या रुग्णालयात ६४ दिवस कोंडले. त्यांनी नाव लपवले नाही. त्यांच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयात लढा दिला गेला. पुढे 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढून १९९२मध्ये ते गेले.

राई रोज खुली असते, प्रवेशाला पैसे पडत नाहीत. दरवर्षी १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, तिथे लोक जमतात. एरवी ठरलेल्या शनिवारी स्वयंसेवक तण काढतात, पालापाचोळा गोळा करतात. बे एरियात मराठी घरे पुष्कळ आहेत. एखाद्या शनिवारी त्यांतले कुणी तिथे जावे, हातमोजे घालून तासभर तण काढावे आणि निघताना फरशीवरची चार नावे मोठ्याने वाचावीत.