तुंबलेल्या पाण्याचा जमाखर्च

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्यातला बहुतेक दुपारनंतरच्या काही तासांत. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेल्या, तेही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. पालिकेच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ या पर्जन्यवाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पाने ही क्षमता ताशी ५० वर न्यायचं ठरवलं. तसा पाऊस पुन्हा आला तर ५० सुद्धा अपुरेच, मग एवढा खर्च कशाला, असं दर पावसाळ्यात विचारलं जातं. पण अशा कामाचा फायदा एका प्रलयावर मोजायचा नसतो. हिंदमाता, मिलन सबवे, कुर्ला अशा सखल भागांत वर्षानुवर्षं पाणी भरत आलं आहे. दुकानं बंद राहतात, लोकल थांबतात, रोजंदारी बुडते. अशा मधल्या पावसांतलं वाचलेलं नुकसान तीस-चाळीस वर्षं साठत जातं, आणि महापुरातही पाणी छातीऐवजी गुडघ्यापर्यंत राहिलं तर जीव वाचतात. मुंबईच्या पूरजोखमीवर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या रेंजर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाचा अंदाज असा, की निचरा सुधारला तर शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं नुकसान ७० टक्क्यांपर्यंत घटू शकतं.

हवामानबदलाने हा हिशेब आणखी बदलतो. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. समुद्र चढला की भरतीच्या वेळी नाल्यांची तोंडं अधिक काळ पाण्याखाली राहतात. मग नुसते नाले रुंद करून भागत नाही. पाणी उपसून समुद्रात टाकणारी उदंचन केंद्रं आणि ओहोटीपर्यंत ते धरून ठेवणाऱ्या हिंदमाता इथल्यासारख्या भूमिगत टाक्या यांचं मोल वाढतं. भाकितं अनिश्चित आहेत, तर थांबून पाहू, असा आक्षेप येतो. तो मला पटत नाही. अनिश्चिततेतून एवढंच निघतं, की पाऊस कितीही पडो, उपयोगी पडतील आणि पुढे वाढवता येतील अशी कामं आधी घ्यावीत. टाकी नंतर आणखी एक बांधता येते. भराव घालून बुजवलेलं खाजण आणि तोडलेली तिवरं मात्र कुठल्याही किमतीला परत मिळत नाहीत, म्हणून ती राखण्याचा खर्च मला सगळ्यात स्वस्त वाटतो.

खरी गफलत नुकसान मोजण्यात आहे. मालमत्तेच्या बाजारभावाने मोजलं, तर तळघरात बुडालेल्या मोटारी मिठी नदीकाठच्या झोपडीतल्या सगळ्या संसारापेक्षा जड ठरतात, आणि पंप आधी तिकडेच बसतात. रेंजर यांच्या त्याच अभ्यासात विमा सर्वांपर्यंत पोचला तर पुराचे अप्रत्यक्ष परिणाम जवळपास निम्मे होतील असंही म्हटलं आहे. पण हातावर पोट असणाऱ्याकडे पॉलिसी नसते, त्याचं नुकसान कुठल्याच दाव्यात दिसत नाही. पालिकेने पुढच्या प्रत्येक पूरप्रकल्पाच्या अहवालात बुडालेली रोजंदारी, आजारपण आणि वाहून गेलेलं घरसामान वेगळ्या रकान्यात दाखवावं, आणि कुठला नाला आधी हे त्या रकान्यावरून ठरवावं.