सिद्धार्थाने घर का सोडले?

म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले आणि मध्यरात्री, बायको-मूल झोपेत असताना, कंथक घोड्यावर बसून तो निघून गेला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहांत, म्हणजे निकायांत, मात्र वेगळेच हाती लागते. दीघनिकायाच्या महापदान सुत्तात चार दृश्यांची कथा आहे, पण ती विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची. गौतम बुद्ध स्वतःच्या गृहत्यागाविषयी बोलतात ते मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसन सुत्तात. तिथे घोडा नाही, मध्यरात्र नाही. केस काळेभोर आहेत, ऐन तारुण्य आहे. आईवडिलांची संमती नाही, त्यांचे चेहरे आसवांनी भिजले आहेत आणि मुलगा केस-दाढी उतरवून, काषाय वस्त्रे नेसून घराबाहेर पडतो आहे.

मग कारण काय? मराठीत हा प्रश्न नेटाने लावून धरला तो धर्मानंद कोसंबींनी. गोव्यातल्या साखवळचा, १८७६ साली जन्मलेला हा माणूस बुद्धाच्या ओढीने स्वतःच घर सोडून नेपाळला गेला, पुढे सिलोनला पोहोचून तिथे पाली शिकला. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी सुत्तनिपातातले अत्तदण्ड सुत्त पुढे ठेवले. हे सुत्त ज्या अट्ठकवग्गात येते तो पाली वाङ्मयाच्या सर्वांत जुन्या थरांपैकी मानला जातो. माणसांनी एकमेकांवर उगारलेली शस्त्रे पाहून आपल्या मनात भय कसे दाटले, हे बुद्ध त्यात सांगतात.

कोसंबींनी ही शस्त्रे शाक्य आणि कोलीय यांच्या रोहिणी नदीवरच्या तंट्याशी जोडली. अट्ठकथांमध्ये, म्हणजे सुत्तांवरच्या पाली भाष्यांमध्ये, तो तंटा बुद्धत्वानंतरचा आहे. नदीवर बंधारा एकच, दोन्ही काठांवर पिके सुकायला लागलेली, पाणी एकाच काठाला पुरेल एवढे. शेतमजुरांची बाचाबाची एकमेकांच्या कुळाचा उद्धार करण्यापर्यंत जाते आणि क्षत्रिय शस्त्रे घेऊन उभे ठाकतात. पाण्याचे मोल जास्त की माणसांच्या रक्ताचे, एवढेच बुद्ध मध्ये उभे राहून विचारतात. तंटा असा गृहत्यागानंतरचा, म्हणून रोहिणीचे पाणी हेच गृहत्यागाचे कारण, हे कोसंबींचे अनुमानच म्हणावे लागेल. पण शस्त्रांचे भय हे अनुमान नाही, ते सुत्तातच आहे आणि मला तेच निर्णायक वाटते. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये शाक्यसंघाच्या सभेत युद्धाला विरोध करणारा सिद्धार्थ उभा केला.

शस्त्रांचे हे भय ध्यानात ठेवले की सारनाथचा पहिला उपदेशही वेगळा ऐकू येतो. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडचे ध्यान शिकून, उरुवेलेला देह झिजवून आणि अखेर बोधी मिळवून गौतम तिथे आले. समोर कौण्डिण्यादी पाच जुने सोबती होते. भोग आणि देहदंड ही दोन्ही टोके टाळणारा मध्यम मार्ग त्यांनी सांगितला आणि चार आर्यसत्ये मांडली: दुःख आहे, ते तृष्णेतून उपजते, तृष्णा निमाली की संपते आणि तिथवर नेणारा अष्टांगिक मार्ग आहे.

तृष्णा म्हणजे एकट्याच्या मनातली हाव, एवढ्यावरच आपण थांबतो. दीघनिकायातले महानिदान सुत्त तिला घराबाहेर, शेताच्या बांधापर्यंत नेते. तृष्णेमुळे शोधाशोध, तीतून लाभ, लाभातून आसक्ती, आसक्तीतून मालकी, मालकीतून कंजूषपणा. मग मिळवलेले राखायला पहारा येतो आणि पहाऱ्यापाठोपाठ काठ्या, शस्त्रे, भांडणे, चहाडी, खोटेपणा. आकाशातल्या कोणाचा कोप नाही, पूर्वजन्मीचे गाठोडे नाही. एकातून दुसरे कसे उपजते तेवढेच दाखवले आहे. प्रतीत्यसमुत्पादाची, म्हणजे कारणांच्या या साखळीची, इतकी रोखठोक, संसारी मांडणी मला दुसरीकडे आढळलेली नाही.

कुळाच्या अभिमानावरचा इलाज विनयपिटकात आहे. शाक्य तरुण प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांनीच विनंती केली की आमचा न्हावी उपाली याला आधी दीक्षा द्या, म्हणजे त्याला वंदन करताना आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. तसेच झाले. पुढे भिक्षूंच्या पहिल्या संगीतीत, म्हणजे सभेत, विनयाचे पठण याच उपालीने केले.

गृहस्थांसाठीही नियम आहे. उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार अंगुत्तरनिकायात सांगितले आहेत: शस्त्रे, माणसे, मांस, मद्य आणि विष. त्यांत पहिले नाव शस्त्रांचे आहे.