दाताची छटा आणि शिकलेली नजर

घाटकोपरच्या एका कारखान्यातील आमच्या सोबत्याचा पुढचा दात कामावर तुटला. एका दवाखान्यात रात्री ट्यूबलाइटखाली छटा ठरली आणि काही दिवसांनी नवा दात बसला. उन्हात पाहतो तो शेजारचे दात पिवळसर, नवा मात्र चुन्यासारखा! तेव्हापासून हा गडी तोंडापुढे हात धरून हसू लागला. युनियनच्या सभेत बोलावयास उठेनासा झाला. दाताची छटा जुळणे ही चैन नव्हे, हे आम्हांस तेव्हा कळले.

मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे. अशा महाविद्यालयांतून विद्यार्थ्यास प्रथम रंगाचे तीन गुण वेगळे करावयास शिकवितात. तांबूस की पिवळा, हा वर्ण. पाण्यात हळद चिमूटभर की चमचाभर, हा दाटपणा. काळ्यापांढऱ्या छायाचित्रातही जो फरक दिसतो, तो उजळपणा. यांत उजळपणा चुकला तर तो लांबूनही खटकतो. म्हणून डोळे किंचित मिटून आधी तोच पारखावयाचा.

जुळवणीसाठी नमुन्याच्या दातांची पट्टी असते. जर्मनीतील व्हिटा कंपनीची १९५६ सालची पट्टी आजही प्रचारात आहे. तीत सोळा नमुने असून त्यांचे ए, बी, सी, डी असे चार गट आहेत: तांबूस-तपकिरी, तांबूस-पिवळा, राखी आणि तांबूस-राखी.

नियम साधे आहेत, पण प्रत्येकास कारण आहे. दात कोरण्यापूर्वीच छटा पाहावी. तोंड उघडे राहून दात सुकला की तो अधिक पांढरा दिसतो. ओठांचा रंग पुसावा, भडक कपडे राखी कापडाने झाकावेत. शेजारचा रंग डोळ्यास फसवितो. एका वेळी पाच-सात सेकंदच पाहावे व मग राखी रंगावर नजर विसावू द्यावी. टक लावली की डोळा थकतो. दिव्याखाली जुळलेली छटा दिवसाच्या प्रकाशातही पडताळावी. आमच्या गिरण्यांच्या रंगखात्यातील जुने कामगार कापडाचा तुकडा खिडकीपाशी नेत, ते याचसाठी!

नंबर झाकलेले नमुने पुनःपुन्हा जुळवून विद्यार्थी सराव करतात आणि सरावाने चुका कमी होतात. काहींस जन्मतःच रंगांतला भेद नीट दिसत नाही. त्यांनी दुसऱ्याची नजर मागावी, यात कमीपणा नाही. आता छटा मोजणारी यंत्रेही आली आहेत. तरी दात तोंडात शोभतो की नाही, हे अखेर डोळाच सांगतो.

आणखी एक माणूस विसरू नये. दात घडविणारा कारागीर प्रयोगशाळेत बसतो. रोग्याचा चेहरा त्यास बहुधा दिसतच नाही. त्याच्या हाती येते ती चिठ्ठी. तीत छटा चुकीची लिहिली, तर त्याचे सारे कसब वाया जाते आणि दोष मात्र त्याच्या माथी येतो.

तेव्हा पुढचा दात बसवावयाचा असेल, तर दिवसाउजेडी जावे आणि नमुना खिडकीपाशी आरशात स्वतः पाहावा. आमच्या सोबत्याने दुसरा दात असाच करवून घेतला. पुढच्या सभेत तो बोलला, आणि हात खाली ठेवून बोलला.