टूर बघून सायकल काढताना

जुलैत टीव्हीवर 'टूर द फ्रान्स' सुरू झाली की पन्नाशीतल्या अनेकांना धूळ खात पडलेली सायकल आठवते. तीन आठवडे, 21 टप्पे, सुमारे 3,400 किलोमीटर! उत्साहाच्या भरात पहिल्याच रविवारी घाट गाठला जातो आणि सोमवारी गुडघा धरून दवाखाना. मीही त्यातलाच.

सरावाने दम लवकर परत येतो, स्नायूही साथ देतात. पण स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना जास्त वेळ लागतो. म्हणून स्पर्धकांचा वेग नव्हे, पाय बघा. सपाटीवर ते मिनिटाला साधारण 90 वेळा पॅडल फिरवतात. गिअर हलका, पाय भरभर. गुडघ्यावर भार कमी.

पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकी सीट उंच ठेवा. सुरुवातीला दिवसाआड 20 मिनिटे, सपाट रस्ता, डोक्यावर हेल्मेट. चालवताना बोलता आले पाहिजे. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर आधी तपासणी करून घ्या. छातीत दडपण किंवा चक्कर आल्यास लगेच थांबा, रुग्णालय गाठा.

टूरमध्येही विश्रांतीचे दोन दिवस असतात. आपल्याला तर कुणाला हरवायचेही नाही.