प्रकल्पाधारित शिक्षण

प्रकल्पाधारित शिक्षण ही विद्यार्थिकेंद्री अध्यापनपद्धती आहे. तीत विद्यार्थी एखादा खरा प्रश्न हाती घेऊन काही आठवडे त्याचा शोध घेतात आणि शेवटी इतरांच्या उपयोगी पडेल अशी वस्तू, अहवाल किंवा सेवा तयार करतात. धडा शिकवून झाल्यावर त्यावर प्रकल्प करून घेणे निराळे. येथे प्रकल्प करता करताच धडा शिकला जातो.

पार्श्वभूमी

जॉन ड्यूई यांच्या विचारांच्या आधारे विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये या पद्धतीवरील निबंध प्रसिद्ध केला. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेली नई तालीम तिच्या जवळची असली, तरी तिच्यात हस्तोद्योग केंद्रस्थानी असतो. प्रकल्पात विद्यार्थ्यांचा प्रश्न.

महाराष्ट्रातील उदाहरणे

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ (जि. पुणे) येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे विद्यार्थी जोडकाम, बांधकाम, वीजजोडणी, शेती अशी कामे गावाची गरज म्हणून करतात. काम बिघडले तर ते गुणपत्रिकेआधी गावकऱ्याला कळते, हे या रचनेचे बलस्थान होय.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी (ता. माढा) येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमुळे त्यांचे नाव गाजले. परंतु ते आशय पोहोचवण्याचे साधन आहे. परस्परांशी संघर्ष असलेल्या देशांतील मुलांना संवादासाठी जोडणारा त्यांचा उपक्रम प्रकल्पाच्या कल्पनेशी अधिक जुळतो.

कार्यपद्धती

सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ‘मधल्या दिवसांसाठी आपल्या गल्लीतील घरे किती पाणी साठवतात आणि ते पुरते का?’ हा आठवीच्या वर्गाला पेलणारा प्रश्न आहे. पिंपे व टाक्या मोजताना दंडगोलाचे घनफळ लागते, नोंदींतून सरासरी व आलेख येतो, घरोघरी बोलताना प्रश्न नेमका विचारण्याची भाषा लागते. उजनीचे पाणी शहरापर्यंत कसे येते, हे पाहताना भूगोल येतो. पिंप पूर्ण भरलेले नसेल तर काय धरायचे, असा पेच मुलांसमोर पडतो. अशा वेळी शिक्षकाने उत्तर न देता पुढचा प्रश्न विचारायचा असतो. अनुभवी शिक्षकालाही हेच सर्वांत जड जाते.

मूल्यमापन व मर्यादा

राज्यात २०१० पासून आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत प्रकल्पाचा समावेश झाला. मात्र अनेक ठिकाणी त्याचा अर्थ दुकानातून आणलेले तक्ते, चिकटवलेली चित्रे आणि पालकांनी रात्री पूर्ण केलेली वही एवढाच उरला. मोठी पटसंख्या, अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई ही कारणे खरी आहेत. गटातील एक-दोघांनीच काम करणे हा दोषही नेहमीचा. त्यावर उपाय म्हणून काही शिक्षक अंतिम वहीऐवजी कच्च्या नोंदी तपासतात आणि प्रत्येक सदस्याला स्वतंत्रपणे एकच प्रश्न विचारतात : हा आकडा कोठून आला?