स्पीड टेस्ट १०० दाखवते, मग गाइडचा आवाज का तुटतो?

पीएचडीवाल्यांच्या ग्रुपवर हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी येतोच. डेटासेट अपलोडला लावलाय, त्याच वेळी गाइडबरोबर कॉल सुरू आहे, आणि आवाज तुटतोय. सोबत स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट: १०० एमबीपीएस. खाली चार जणांचा एकच सल्ला: स्वतःचा राउटर घे.

घ्या, पण कशासाठी घेताय ते आधी बघू.

फायबर जोडणीत कंपनीचा माणूस जो डबा लावून जातो तो ओएनटी. फायबरमधल्या प्रकाशाचे विजेचे सिग्नल करणं हे त्याचं मूळ काम. हल्ली त्याच डब्यात राउटर आणि वाय-फायही असतं. तुमचा राउटर आला तरी ओएनटी राहतोच, फक्त पुढची दोन कामं तुमच्या हातात येतात. ओएनटीच्या लॅन पोर्टातून केबल काढून नव्या राउटरच्या वॅन पोर्टात लावायची, झालं.

झालं म्हणजे, जवळजवळ. आता दोन्ही डबे राउटिंग करत असतील तर पत्ते बदलण्याचं काम, म्हणजे नॅट, दोनदा होतं. साध्या ब्राउझिंगला फरक कळत नाही. पण बाहेरून घरच्या मशीनवर एसएसएच करायचं असेल तर पोर्ट दोन्हीकडे उघडावा लागतो. सरळ उपाय म्हणजे कंपनीला सांगून ओएनटी ब्रिज मोडवर टाकून घेणे आणि जोडणीचं युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरणे. त्यानंतर राउटरचा वॅन पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यात असेल तर कंपनीकडेही एक नॅट आहे. २०१२ मध्ये हा पट्टा त्यासाठीच राखून ठेवला गेला. मग घरी कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. तुम्ही घरून लॅबच्या सर्व्हरवर जाताय, तर मात्र काही अडत नाही.

वाय-फायचं थोडक्यात: २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल ५ मेगाहर्ट्झवर, आणि सिग्नल मात्र साधारण २० मेगाहर्ट्झ रुंद. म्हणून १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा. ३ किंवा ४ वर बसलात तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडण. ५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर, पण भिंती आडव्या येतात.

आता मुख्य मुद्दा. स्पीड टेस्ट किती डेटा जातो ते सांगते, कॉलला मात्र एकेक पॅकेट किती वेळात पोचतं ते महत्त्वाचं. तेव्हा पिंग करा, आणि दोन ठिकाणी करा: एक आपल्या राउटरला, एक बाहेरच्या सर्व्हरला. आधी लॅपटॉप केबलने जोडून, मग वाय-फायवर. मग हेच सगळं मोठं अपलोड चालू असताना. एका वेळी एकच गोष्ट बदलायची (मेथडॉलॉजीच्या पेपरात आपण हेच लिहितो, घरी मात्र राउटर, चॅनेल, प्लॅन सगळं एकदम बदलतो!).

समजा केबलवर, रिकाम्या लाइनीत, बाहेरचा पिंग २० मिलिसेकंद आहे आणि अपलोड सुरू होताच ८०० झाला. वेग तोच आहे, रांग वाढलीय. टीसीपी पॅकेट हरवेपर्यंत वेग वाढवत राहतं. डब्यातला बफर मोठा असेल तर पॅकेट हरवतच नाही, साठत जातं. गणित सोपं आहे: अपलोड १० एमबीपीएस आणि बफर १ मेगाबाइट, म्हणजे ८ मेगाबिट. तो रिकामा व्हायला ०.८ सेकंद. तुमच्या आवाजाचं इवलंसं पॅकेट त्या सगळ्यामागे उभं. याला बफरब्लोट म्हणतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये यावर कोडेल नावाचा उपाय मांडला: रांगेची लांबी मोजू नका, पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे ते मोजा, आणि तो वेळ वाढतच राहिला तर पॅकेट टाकून द्या. त्याचंच पुढचं रूप एफक्यू-कोडेल. त्यात प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग मिळते.

माझ्या मते स्वतःचा राउटर घ्यायचं खरं कारण हेच. ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या राउटरवर एसक्यूएम सुरू करा आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्के ठेवा. मग रांग कंपनीच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे नियम तुमचे. दहा टक्के वेग जातो, जाऊ द्या. खोक्यावर नुसतं 'क्यूओएस' लिहिलंय म्हणून मात्र घेऊ नका, आत काय आहे ते बघा. प्रोसेसर कमजोर असेल तर जास्त वेगाच्या प्लॅनवर एसक्यूएमच दम तोडतं.

आणि वाय-फायवर राउटरचाच पिंग अपलोडच्या वेळी वर जात असेल, तर रांग हवेत आहे. वॅनवरच्या एसक्यूएमचा तिथे फारसा उपयोग नाही. अशा वेळी टेबलापर्यंत एक लॅन केबल ओढा.